टेंभुर्णी ते नागपूर, स्वतःच्या गाडीनं

२१ सप्टेंबर १९७५, रविवार

आज गाडी दारात आली. डिझेल व्हॅन. पहिले सरकारी कुटुंबनियोजनाच्या प्रचाराची होती, गावोगाव पडदा लावून पिक्चर दाखवायची. लिलावात मी बोली लावली तेव्हा नवीन जालन्याचे व्यापारी तोंडावर रुमाल धरून हसले. हसू द्या. डिझेल इंजिन कशावर चालतं हे तरी त्यांना मालूम आहे का? मी सोळा वर्षांपासून आठवीला उष्णतेचा धडा शिकवून राह्यलो.

पाठीमागची जुनी अक्षरं लिलाववाल्यांनी खरवडून दिली. "पहिल्यानंतर घाई नको" असं होतं. त्यातलं "घाई नको" तेवढं निघालं नाही. रंग देऊ.

संपत ड्रायव्हरनं जालन्याहून गाडी आणून दिली. रस्ताभर मी शेजारी बसून निरीक्षण केलं. बिलकुल अवघड नाही. आपलं शिकाऊ लायसन आहेच, सराव रस्त्यावर होईल. उतरताना संपत म्हणाला, गुरुजी, सुरू करायच्या आधी एक गोष्ट ध्यानात ठेवा. मी त्याला तिथंच थांबवलं आणि डिझेलला ठिणगी का लागत नाही ते नीट समजावून सांगितलं. ऐकत राह्यला बिचारा. तेवढ्यात त्याची एसटी आली.

संकल्प: यंदा दसरा नेमका १४ ऑक्टोबरला आला. एकोणीस वर्षांनी तीच तारीख, तोच सण. मायला नागपूरला दीक्षाभूमीवर न्यायचं. स्वतःच्या गाडीनं. १२ तारखेला पहाटे चारला निघायचं. चार म्हणजे चार.

२२ सप्टेंबर

छप्पन साली बा गेल्ता नागपूरला, वस्तीतली बारा माणसं घेऊन. माय जाऊ शकली नाही, कारण बेबीनंदा पोटात होती आणि नववा लागला होता. मायनं पुढं गावातच भन्तेंकडून दीक्षा घेतली. पण ती म्हणते, ती त्या जमिनीवर न्हाई घेतलेली. तेव्हा घेतलेलं पांढरं लुगडं तिनं पेटीत घालून ठेवलंय, एकदाही नेसली नाही. दरसाल मी म्हणतो नेतो, आणि दरसाल काहीतरी निघतं. एकदा परीक्षा, एकदा दुष्काळ, एकदा माझं पोट.

आज तिला गाडी दाखवली. तिनं पत्र्यावरून हात फिरवला आणि पुढच्या सीटकडं बोट दाखवून विचारलं, इथं कोण बसंल. मी म्हणालो, तूच. ती म्हणाली, न्हाई, तू ड्रायव्हर असला तरी तुझ्या बाजूला मोठा माणूस लागतो.

गाडीत एकूण अकरा जणांना जागा कबूल केली आहे. चुलतभाऊ शिवाजी म्हणे, दादा, एसटीनं मलकापूर आणि तिथून रेल्वे, दरसालचा रस्ता आहे, खामखा कशाला. या माणसाला प्रगती बघवत नाही.

२८ सप्टेंबर, रविवार. सकाळी ७

आज पहिली ट्रायल. वही गाडीतच ठेवायचं ठरवलं आहे. प्रत्येक प्रयत्नाची वेळ, हवामान, इंजिनाचा आवाज, सगळी नोंद जागेवर. लोक लिंबू-मिरची लटकवतात, माझ्या गाडीत वही लटकेल. गाडीवाल्यांनी सोय चांगली केलीय. स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला एक काळी मूठ चार बोटं बाहेर आलेली आहे, पिशवी अडकवायला. पिशवीत वही, टॉर्च, इंजिनाचं पुस्तक आणि डबा. बराबर बसते.

७.१०. सेल्फ मारला. घुर्र घुर्र घुर्र. सुरू नाही.

७.१५. पुन्हा. नाही.

७.४०. नाही. थंडी असेल.

९.३०. ऊन आलं. नाही.

१०. शिवाजी चहाचा कप घेऊन येऊन उभा राह्यला. कप संपेपर्यंत उभा राह्यला. असं बघायला काय ठेवलंय इथं?

२९ सप्टेंबर

निदान झालं. पुस्तकात पान ४४: डिझेल इंजिन फिरतं पण सुरू होत नसेल, तर इंधन इंजिनापर्यंत पोचत नसावं. म्हणजे नळीत हवा आहे. साधी गोष्ट. शाळेतून आल्यावर दहा मिनिटांचं काम.

रात्री ८. नट सोडला. डिझेल थेट तोंडावर. डोळ्यांत, मिशीत, सदऱ्यात. सत्यशीलानं सदरा तीनदा धुतला, वास जाईना. म्हणे, संपतला एक कार्ड टाका, तो रोज चालवत होता, त्याला ठावं असंल. मी विज्ञानाचा शिक्षक. मी ड्रायव्हरला विचारू? बायको सातवी पास आहे, मी शिकवली, आता तीच मला शिकवून राह्यली.

गाडी सुरू झाली नाही. पण हवा निघाली. ही प्रगतीच आहे.

३० सप्टेंबर

वर्गात शिरलो तर पोरांनी नाकं दाबली.

२ ऑक्टोबर

सुट्टी. बॅटरी उतरली. उतरणारच, चार दिवस मारून राह्यलो. धावड्याला बेबीनंदाच्या सासरी ट्रॅक्टर आहे, त्याची बॅटरी सायकलला बांधून आणली. जाऊन येऊन अख्खा दिवस. बेबीनंदा म्हणाली, दादा, मी बी येणार, माझ्यामुळंच तर मायचं राह्यलं. म्हणालो, ये, बाराला पहाटे. ती एक दिवस आधी येऊन राहील. म्हणजे बारा जण झाले. हरकत नाही, गाडी दणकट आहे.

बॅटरी जोडली. सेल्फ मारला. इंजिन काय फिरलं म्हणता, असं वाटलं आता उडतं. सुरू नाही.

मी दाराला लाथ मारली. दार ठीक आहे. अंगठा सुजला.

४ ऑक्टोबर, शनिवार

सगळा देश सध्या शिस्तीत चालून राह्यला. रेल्वे टाइमावर, हापिसात बाबू टाइमावर. एकटी माझी गाडी बेशिस्त.

गावात राधाकिसन मिस्त्री आहे. हटकर समाजाचा. विहिरीवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करतो, तरुणपणी ट्रकवर होता म्हणे. सत्यशीलानं मला न विचारता त्याला निरोप दिला. आला आपला पाना घेऊन. मी त्याला स्पष्ट सांगितलं, की पंपाचं इंजिन जमिनीला बोल्टनं बसवलेलं असतं आणि हे चालतं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तरी त्यानं बॉनेट उघडलं, दोन नळ्या सोडल्या, मला सेल्फ मारायला लावला, खाली वाकून पाहिलं.

म्हणे, "गुरुजी, पंपापर्यंत डिझेल येऊन राह्यलं. पुढं जाऊन न्हाई राह्यलं. कुठंतरी बंद केलेलं हाय. ही गाडी बंद कशानं करता तुम्ही?"

मी म्हणालो, चावीनं. अजून कशानं? चावी कशासाठी असते?

तो म्हणाला, बघू द्या कॅबिनमध्ये एकदा. म्हणून दार उघडायला लागला. हातभर ग्रीस, आणि आत माझी वही, पुस्तक, डबा. मी म्हणालो, कॅबिन माझ्याकडं आहे, तू इंजिनाचं बघ. बंद करायचं नंतर पाहू, आधी सुरू तर होऊ दे. गाडी सुरू होईना आणि याला बंद करायची पडली. तो पाना पुसत निघून गेला. जाताना मायला म्हणाला, म्हातारे, गुरुजी लई शिकलेले हायेत.

तारीफच केली. पण बोलायची पद्धत बराबर नव्हती.

५ ऑक्टोबर, रविवार

डिझेलमध्ये भेसळ. माझी खात्री झाली. सगळं डिझेल काढून घेतलं आणि नवीन भरलं.

सुरू नाही.

काढलेलं डिझेल राधाकिसननं मागून नेलं. त्याचं विहिरीवरचं इंजिन त्यावर दिवसभर धडधडत होतं. मला शाळेपर्यंत ऐकू येत होतं. मुद्दामच चालवून राह्यला तो.

७ ऑक्टोबर

धक्का स्टार्ट. कालच डोक्यात यायला पाहिजे होतं. गाडी मारुतीच्या पारापर्यंत चढावर नेली, वीस जण लागले. मी आत, ब्रेकवर. हात दाखवला, सोडली. उतारावर भन्नाट. दुसरा गिअर टाकला, क्लच सोडला, गाडीनं चार हिसके दिले. पिशवी गुडघ्यावर आदळली. मला वाटलं झालं. नाही झालं. तशीच ओढ्यात गेली आणि पुढची चाकं चिखलात रुतली.

एवढ्या लोकांसमोर. हेडमास्तर रामराव सायकलवर पाय टेकवून उभे होते. म्हणाले, तातेराव, यापेक्षा छकडं बरं. माझ्या मनात जे उत्तर आलं ते नोकरीला धोका आहे.

आणि पाठीमागं ते "घाई नको". आख्खा गाव मोठ्यानं वाचत होता.

८ ऑक्टोबर

गाडी ओढ्यातून काढायला बैल लागले. गावात दणकट जोडी कोणाची? राधाकिसनची. गेलो. शनिवारचं काही काढलं नाही त्यानं. जुंपली, ओढली, दारात आणून सोडली. मंग परत म्हणतो, गुरुजी, फक्त एक मिनिट आत बसू द्या. मी म्हणालो, तुझे उपकार झाले, पण बैलाचं काम वेगळं आणि डोक्याचं काम वेगळं. तो हसला नाही. बैलाच्या पाठीवर थाप मारून गेला.

हे जरा जास्त झालं का? नाही. स्पष्ट बोलावं माणसानं.

संध्याकाळी सत्यशीला पोस्टात गेल्ती. कशाला, विचारलं. म्हणाली, तिकीट आणायला. कशाचं तिकीट, हे विचारायचं राह्यलं.

९ ऑक्टोबर

कोंबडीनं मागच्या सीटवर तीन अंडी दिली. शिवाजी म्हणाला, चला, कायतरी तर देऊन राह्यली गाडी. मी सगळ्यांसमोर त्याला सांगितलं, की तुला माझ्या गाडीत जागा नाही. तर तो म्हणाला, दादा, मी एसटीची बारा तिकिटं कालच सांगून ठेवली, मायचं बी धरून.

बारा! म्हणजे माझ्या गाडीवर कोणाचाच विश्वास नव्हता. वर जे हो हो म्हणत होते ते सगळे आतून एसटीचे. रागानं मला रात्री जेवण गेलं नाही. म्हणजे भाकरी दोनच खाल्ल्या.

१० ऑक्टोबर

आज माय शिवाजीला माझ्यासमोर म्हणाली, "मी न्हाई येत एसटीनं. माझ्या लेकानं गाडी घेतली माझ्यासाठी. मी लेकाच्या गाडीत जाईन."

शिवाजीचं तोंड पाहण्यासारखं झालं. असा आनंद मला नोकरी लागली तेव्हापण झाला नव्हता.

आता गाडी सुरू झालीच पाहिजे.

११ ऑक्टोबर, शनिवार

बेबीनंदा आली धावड्याहून. मायनं पेटीतून लुगडं काढलं. घड्यांवर पिवळं पडलंय. सत्यशीलानं धुऊन वाळत घातलं. भाकरी, चटणी, ठेचा, सगळं फडक्यात बांधून तयार.

दिवसभरात सत्तावीस प्रयत्न. सगळ्यांची नोंद केली. बॅटरी पुन्हा उतरली, पुन्हा भरून आणली. दोन वेळा मला वाटलं की इंजिन खोकलं. एक वेळा तो बकरीचा आवाज होता.

निर्णय: पहाटेच्या थंड हवेत इंजिन ताजं असतं. चारला निघणार म्हणजे निघणार.

१२ ऑक्टोबर. पहाटे ३.४५

माय गाडीत बसली. पांढरं लुगडं. मागं, बोचकं मांडीवर घेऊन. पुढं बस म्हणालो, ऐकत नाही.

४.००. सुरू नाही.

५.१०. नाही.

६. शिवाजी आणि बाकीचे एसटीला गेले. बेबीनंदा रडत रडत त्यांच्यासंगं गेली, तिला सासरी वेळेवर परतायचं आहे. शिवाजी शेवटपर्यंत म्हणत होता, दादा, हट्ट सोड, मायला पाठव, तू बी चल. गाडी काय पळून जाऊन राह्यली? मी त्याला म्हणालो, तू जा, अमरावतीच्या आधी तुला मागं टाकतो.

११. माय बसलेलीच आहे. लोक येऊन पाहून जातात. मी तिला म्हणालो, घरात जाऊन पड. ती म्हणाली, सुरू झाली आणि तू घाईत निघाला तर?

दुपारी ३. तिनं भाकरी गाडीतच खाल्ली. मला पण दिली. ठेचा लई तिखट होता, डोळ्यांतून पाणी आलं.

संध्याकाळी ७. तिला हात धरून उतरवलं. लुगडं घडी करून उशाला घेऊन झोपली ती.

कोणाचा राग करू? त्या पत्र्याच्या भुताचा करतो. याला भंगारात घालीन, याच्या चाकांचे पाळणे करीन, याच्या पत्र्याचं शेळ्यांचं छप्पर करीन. उद्या अजून एक दिवस आहे. उद्या दुपारपर्यंत निघालो तरी चौदाच्या सकाळी नागपूर. पंपच बदलायला पाहिजे. पहिल्या एसटीनं नवीन जालन्याला जातो आणि नवीन पंप घेऊन येतो. मापं सगळी वहीत आहेत, म्हणून पिशवी सोबत घ्यावी लागेल.

१३ ऑक्टोबर, सोमवार. दुपारी ३. नवीन जालना, स्टेशनसमोर

चार दुकानं फिरलो. पहिल्या तिघांनी पंप नाही म्हणून हाकललं. चौथ्यानं गाडीचं वर्णन ऐकलं, वही पाहिली, आणि मला विचारलं, "मास्तर, गाडी बंद कशानं करता?"

हा काय रोग पसरला आहे या जिल्ह्यात? मी त्याला म्हणालो, दुकान पंपाचं आहे की उखाण्यांचं? तो म्हणाला, जाऊ द्या, पंप घेऊन जा. जुना पंप घेतला, नव्यासारखा आहे. जड आहे. पिशवीत मावत नाही, काखेत धरला. एसटी दोनला होती, ती आली नाही.

संध्याकाळी ६.३०. टेंभुर्णी

गाडी चोरीला गेली!

दारात फक्त तेलाचा डाग आणि चाकांच्या खुणा. घराला कडी. मायही नाही, सत्यशीलाही नाही. बहुतेक ओरडत चोरांमागं धावल्या असतील. पोलिसांत जायला निघालो. मंग मनात आलं, चोरानं ती सुरू केली कशी? सोळा दिवस मला जे जमलं नाही ते चोराला कसं जमलं? हा चोर साधा नाही. जालन्यापासून माझ्यावर पाळत असणार.

तेवढ्यात राधाकिसनची आई गोपिकाबाई शेण थापायचं सोडून आली. म्हणाली, कुठं पळताय गुरुजी, तुमची चूल बघा, सत्यशीलानं कागुद ठेवलाय.

६.५०

चुलीच्या वरच्या फळीवर पोस्टकार्ड होतं. संपतचं. सत्यशीलाच्या नावानं. आज सकाळच्या टपालानं आलेलं. उतरवून घेतो:

"बाईंना जयभीम. कार्ड भेटलं. गाडीत काही खराबी नाही. स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला काळी मूठ आहे. ती ओढली की डिझेल बंद होतं अन् इंजिन थांबतं. सुरू करताना ती आत ढकलावी लागते. मी गुरुजींला सांगू राह्यलो होतो पण ते मला डिझेल समजावून सांगत होते. मूठ आत ढकला. आपला संपत."

खाली सत्यशीलाच्या अक्षरात पेन्सिलनं:

"तुम्ही पिशवी नेली म्हणून मूठ दिसली. ढकलली. राधाकिसन भाऊंना बोलावलं, त्यांनी एका सेल्फमध्ये सुरू केली. आत्याबाई आधीपासून लुगडं नेसून बसल्या होत्या. बारा वाजेपर्यंत वाट पाहिली. भाऊ म्हणाले यापेक्षा उशीर केला तर सकाळी पोचणार नाही. चिखली, खामगाव, अकोला असे जात आहोत. भाकरी टोपल्यात आहे. उद्या पहाटे साडेपाचची एसटी आहे, तिनं या. आत्याबाई वाट पाहतील."

७.३०

दोन वेळा वाचलं.

पहिली गोष्ट: पान ४४ बराबर होतं. इंधन इंजिनापर्यंत पोचत नव्हतं. मी हे २९ सप्टेंबरलाच लिहिलं आहे. निदानात माझी चूक नाही.

दुसरी गोष्ट: अशी मूठ बाहेर ठेवायची म्हणजे काय? पिशवी अडकवावी असाच आकार आहे तिचा. कोणाही सुशिक्षित माणसानं हेच केलं असतं.

तिसरी गोष्ट: माझ्या परवानगीशिवाय माझी गाडी. तीही बैलवाल्याच्या हातात. त्याला मी असं बोललो होतो आणि तरी तो गेला. लाज नाही माणसाला.

८.१५

एसटीचा विचार केला. एसटीनं जायचं म्हणजे शिवाजी दीक्षाभूमीच्या फाटकात उभा असणार. सगळे असणार. म्हणतील, आले, स्वतःच्या गाडीनं आले. मी म्हणालो होतो स्वतःच्या गाडीनं जाईन. माणसानं शब्दाला जागावं. एसटीनं जाणं माझ्या तत्त्वात बसत नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार. पहाटे ५.३०

जागा होतो. एसटीचा हॉर्न ऐकला. नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबली आज.

दुपारी

आख्खी वस्ती रिकामी. सगळे नागपूरला. मी, दोन कोंबड्या आणि काखेत धरून आणलेला पंप. विहारात एकट्यानं वंदना म्हटली. एकट्याच्या आवाजात ती अर्ध्या वेळेत संपते. गावातली पोरं सोनं लुटून आपट्याची पानं देत फिरत होती. माझ्या हातावर पण ठेवली.

भाकरी कालची होती. तरी खाल्ली.

१५ ऑक्टोबर

कोंबडीला अंडी घालायला जागा नाही. दिवसभर जिथं गाडी उभी होती तिथं फिरत होती.

१६ ऑक्टोबर, गुरुवार. संध्याकाळी ५

आले. वेशीपासून हॉर्न वाजवत आले. राधाकिसन इतका वेळ हॉर्न वाजवून राह्यला, गाव गोळा झालं. मी घरातच थांबलो. मंग गेलो.

राधाकिसननं चावी माझ्या हातात दिली. ओरखडा नाही गाडीवर. उलट कुठंतरी धुऊन आणली. "घाई नको" तेवढं आणखी चमकून राह्यलं. मी त्याला म्हणायला गेलो, की त्या दिवशी बैलावरून जे बोललो. तो म्हणाला, गुरुजी, गाडी बंद करून दाखवा बरं. इंजिन चालूच होतं. मी मूठ ओढली. थांबलं. तो म्हणाला, आता आत ढकला. ढकलली. मंग तो घरी गेला, बैलांना पाणी पाजायला.

सत्यशीलानं विचारलं, एसटी चुकली का? मी म्हणालो, हो, चुकली.

रात्री ९

माय बोलत होती. किती गर्दी, किती पांढरी लुगडी, कोणी ओळखीचं नाही तरी सगळे ओळखीचे. त्या जमिनीवर ती बसली, कपाळ टेकवलं. बा कुठं बसला असंल हे तिनं तिचं ठरवलं आणि तिथंच बसून घेतलं. लुगड्याला तिथली माती लागली आहे. धुवायची नाही म्हणते.

मी म्हणालो, बरं झालं, पुढच्या सीटवर बसायला मिळालं तुला.

ती म्हणाली, "मी मागंच होते. पुढची सीट मोकळी ठेवली म्या तुझ्यासाठी. रस्त्यात लोक हात दाखवत होते, राधाकिसन म्हणला बसवू का, म्हणलं न्हाई. माझा लेक एसटीनं येऊन राह्यला, कुठंबी उतरून हात दाखवील. येताना बी मोकळीच आणली."

चिखली, खामगाव, अकोला, अमरावती. जाताना आणि येताना.

मी तिला काय सांगू? जागा होतो म्हणून सांगू?

ती झोपल्यावर बाहेर जाऊन गाडीत बसलो. पुढच्या सीटवर, ड्रायव्हरच्या बाजूला. थोडा वेळ बसलो. मंग आत आलो आणि पिशवी भिंतीच्या खुंटीला टांगली.